काचेवर आलंच नाही ते दिसणार कसं? गर्भाशयमुखाचा नमुना घेणाऱ्या नवख्यांसाठी

पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखावरून खरवडून काचेवर पसरलेल्या पेशींची कॅन्सरसाठीची तपासणी. तिचा रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर थेट 'निगेटिव्ह' या शब्दावर जाते. त्याच्या वर एक ओळ असते, नमुना तपासायला पुरेसा होता की नाही हे सांगणारी. ती ओळ बाई वाचत नाही, आणि बरेचदा डॉक्टरही वाचत नाहीत. पण खालच्या 'निगेटिव्ह'वर किती भरवसा ठेवायचा, हे त्या वरच्या ओळीवर ठरतं.

हा लेख नुकत्याच रुजू झालेल्या सिस्टर, उपकेंद्रावरचे सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर), इंटर्न आणि पहिल्या वर्षाचे रेसिडेंट यांच्यासाठी आहे. म्हणजे ज्यांना उद्यापासून नमुने घ्यायचे आहेत आणि ते कसे घ्यायचे हे गर्दीच्या ओपीडीत कुणीतरी घाईघाईत दाखवलं आहे, त्यांच्यासाठी. मी सायटोलॉजीच्या, म्हणजे पेशी तपासण्याच्या टेबलावर बसते. तुमच्या हातून निघालेली काच माझ्या मायक्रोस्कोपखाली येते आणि तुमच्या टेबलावर काय झालं असेल, हे बऱ्याच वेळा तिच्यावरून कळतं.

बाईच्या पेशींत बिघाड आहे आणि तरी पॅप स्मिअर निगेटिव्ह आला, अशा प्रकरणांपैकी साधारण दोन तृतीयांशांत कारण नमुन्यात सापडतं. विकृत पेशी काचेवर पोचलेल्याच नसतात, किंवा पोचून वाळून गेलेल्या असतात. उरलेली एक तृतीयांश चूक आमची, पाहणाऱ्यांची. स्टेनिंग, म्हणजे पेशी रंगवणं, सुधारता येतं, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला काच दाखवता येते, पण काचेवर नसलेली पेशी कुणालाच शोधता येत नाही.

हे काम फक्त स्त्रीरोगतज्ज्ञांनाच जमतं, असं मात्र समजू नका. १९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. नमुने घेण्याचं काम प्रशिक्षण दिलेल्या एएनएमनी, म्हणजे परिचारिका-सुईणींनी केलं. २००९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. आपल्याच मातीतला हा अभ्यास आज जगभर दाखल्यासाठी वापरला जातो. तेव्हा 'पीएचसीत कुठे चांगले नमुने येतात' हे वाक्य मला पटत नाही.

आधी जागा ओळखा

पिशवीच्या तोंडाला, म्हणजे गर्भाशयमुखाला, बाहेरून गुळगुळीत, फिकट गुलाबी अस्तर असतं. त्या चपट्या पेशी. आतल्या नळीत लालसर, मखमली अस्तर असतं. त्या उभ्या, चिकट स्राव करणाऱ्या पेशी. ही दोन अस्तरं जिथे मिळतात ती रेषा आयुष्यभर एका जागी राहत नाही. वयात येताना आणि गरोदरपणात ती बाहेर सरकते, पुढे हळूहळू आत जाते. ती जिथून जिथे सरकली तो पट्टा म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन झोन. तिथे उभ्या पेशींच्या जागी चपट्या पेशी येत असतात आणि एचपीव्ही विषाणू नेमका तिथे घर करतो. गर्भाशयमुखाचे बहुतेक कॅन्सर याच पट्ट्यात सुरू होतात.

म्हणून 'तोंडावरून खरवडलं' एवढं पुरत नाही, या पट्ट्यावरून खरवडलं पाहिजे. पंचविशीतल्या बाईत तो बऱ्याचदा डोळ्यांना दिसतो, तोंडाभोवतीच्या लालसर गोलासारखा. पाळी गेलेल्या बाईत तो नळीच्या आत शिरलेला असतो आणि बाहेरून कितीही नीट पाहिलं तरी दिसत नाही. कोणतं साधन घ्यायचं हे यावरूनच ठरवायचं. कपाटात जे मिळालं ते उचलून चालत नाही.

बोलावतानाच सांगायच्या गोष्टी

खराब नमुन्यांपैकी बरेच टेबलावर येण्याच्या आधीच खराब ठरलेले असतात. पाळीचा पहिला दिवस धरून साधारण दहाव्या ते विसाव्या दिवसाच्या दरम्यान बोलवा. पाळी चालू असताना घेतलेल्या काचेवर लाल पेशींचा चिखल असतो. पाळीच्या अगदी जवळ घेतला तर आणखी एक गोष्ट होते: योनीतले नेहमीचे जिवाणू चपट्या पेशी विरघळवतात आणि काचेवर नुसती उघडी केंद्रकं उरतात. त्यांच्यावरून निदान करणं अवघड.

आदले दोन दिवस संबंध नकोत, योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम नको, आतून धुणं नको. हे आशाताईंनी सांगायचं असतं, पण आशाताईंना ते आधी कुणीतरी नीट सांगायला हवं. 'उद्या शिबिर आहे, या' एवढाच निरोप गेला तर आलेल्यांपैकी काहींची पाळी चालू असणार आणि काहींनी आदल्या रात्री मेडिकलमधून आणलेली गोळी ठेवलेली असणार.

अंगावरून खूप पांढरं जात असेल, वास येत असेल, तर आधी उपचार करून मग नमुना घेतलेला बरा. अपवाद एकच: ती बाई परत येईल याची खात्री नसेल तर आहे त्या दिवशी घ्या आणि फॉर्मवर तसं लिहा. बाळंतपण होऊन सहा ते बारा आठवडे व्हायचे असतील तर थांबा.

एक बाब शिबिरांबद्दल. ८ मार्चला बॅनर लावून एका दिवसात शेकडो नमुने गोळा करण्याची हौस मला समजते, आकडा वर पाठवायचा असतो. पण त्या आठवड्यात लॅबमध्ये येणारे ट्रे पाहिले की पहिल्या पन्नास काचा आणि शेवटच्या पन्नास काचा वेगळ्या ओळखू येतात. रांग वाढली की फिरवणं अर्धवट होतं आणि काच अल्कोहोलमध्ये जायला उशीर होतो. दोन माणसं आणि एक टेबल असेल तर दिवसाला झेपतील तेवढ्याच बायका बोलवा, बाकीच्यांना दुसरी तारीख द्या.

फॉर्म

'पॅप' एवढाच शब्द लिहिलेला फॉर्म मला दर आठवड्याला दिसतो. वय, शेवटच्या पाळीची तारीख, पाळी बंद झाली असल्यास केव्हापासून, गरोदर आहे का, तांबी बसवली आहे का, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, आधीचा कोणता रिपोर्ट बिघडलेला होता का, किरणोपचार झालेत का, संबंधानंतर रक्त जातं का. यातलं काहीही शिष्टाचार म्हणून विचारलेलं नाही. तांबीमुळे पेशींमध्ये होणारे बदल विकृत पेशींसारखे दिसू शकतात. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी पाळीच्या पहिल्या दिवसांत दिसल्या तर त्यात काही नाही. त्याच पाळी गेलेल्या बाईच्या काचेवर दिसल्या तर मला रिपोर्टमध्ये त्याची नोंद करावी लागते. तारीख नसेल तर मी कोणत्या बाजूला झुकायचं?

'पिशवी काढली आहे' असं बाई म्हणाली तरी स्वतः पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. ऑपरेशन झालं, पण नेमकं काय काढलं हे तिला कुणी सांगितलं नाही, अशा बायका फक्त त्याच जिल्ह्यात नाहीत. काही ऑपरेशनांत वरचा भाग काढतात आणि तोंड जागेवरच ठेवतात. तोंड असेल तर तपासणीची गरज कायम आहे.

टेबलावर

लघवी करून यायला सांगा. पडदा लावा, दार लावा, मावशींना जवळ उभं करा. मग सांगा, साध्या शब्दांत: 'ताई, कुठं कापायचं नाही, टोचायचं नाही. एक उपकरण आत घालून पिशवीचं तोंड बघणार आणि ब्रशने थोडं पाणी घेणार. दाबल्यासारखं वाटेल. दुखलं तर सांगा, मी थांबते.' हे नुसतं सौजन्य नाही. घाबरलेल्या बाईचे स्नायू आवळले जातात, स्पेक्युलम, म्हणजे ते उपकरण, नीट उघडत नाही, तोंड अर्धवट दिसतं आणि मग अंदाजाने ब्रश फिरवला जातो. तोंड पूर्ण दिसल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, हा नियम मोडू नका.

तोंड सापडत नसेल तर बाईला दोन्ही मुठी कमरेखाली ठेवायला सांगा. पिशवी मागे झुकलेली असेल तर याने फरक पडतो. अंगाने जाड बाईत योनीच्या भिंती दोन्ही बाजूंनी आत येतात. तेव्हा टोक कापलेला कंडोम स्पेक्युलमवर चढवा, भिंती बाहेर राहतात. ही युक्ती जुन्या सिस्टर लोकांना माहीत असते, पुस्तकात क्वचित सापडते.

स्पेक्युलमला कोमट पाणी लावा. जेली नको. काही जेलींमध्ये कार्बोमर नावाचा घटक असतो. एलबीसी म्हणजे पेशी थेट काचेवर न पसरता द्रवात जमा करायची पद्धत. तिच्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, तो गेला तर पेशी गाळणीवर नीट बसत नाहीत आणि काच जवळजवळ रिकामी निघते. पाळी गेलेल्या बाईत कोरडेपणामुळे अगदीच गरज पडली तर कार्बोमर नसलेली, पाण्यात विरघळणारी जेली, वाटाण्याएवढी, फक्त पात्याच्या बाहेरच्या बाजूला. टोकाला नाही.

तोंडावर दाट स्राव असेल तर मोठ्या कापसाच्या बोळ्याने अलगद टिपून घ्या. घासू नका, घासलंत तर हव्या असलेल्या पेशी बोळ्यावर जातील आणि बोळा कचऱ्यात. पावडर लावलेले हातमोजे असतील तर काच हाताळण्याआधी बदला. ती पावडर स्टार्चची असते, मायक्रोस्कोपखाली तिचे गोल गोल कण पेशींवर बसलेले दिसतात.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: तोंडावर गाठ, व्रण किंवा हात लावताच रक्त येणारी वाढ दिसली तर ते काम स्क्रीनिंगचं राहिलेलं नाही. तिला बायोप्सीसाठी पाठवा, त्याच दिवशी चिठ्ठी द्या. सडलेल्या गाठीवरून घेतलेल्या स्मिअरमध्ये बऱ्याचदा नुसतं रक्त, पू आणि मेलेल्या पेशींचा कचरा येतो. असा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला म्हणून घरी पाठवलेली बाई काही महिन्यांनी पुढच्या टप्प्यात परत येते. डोळ्यांना दिसलेली गाठ कागदाने खोडून निघत नाही.

हात कसा फिरवायचा

लाकडी किंवा प्लास्टिकचा आयर स्पॅच्युला, म्हणजे खरवडायची चपटी पट्टी, असेल तर त्याचं लांब टोक तोंडाच्या छिद्रात ठेवा आणि बेताचा दाब देऊन पूर्ण ३६० अंश फिरवा. अर्ध्यावर हात अडला की बरेच जण तिथेच थांबतात, म्हणजे पट्ट्याचा अर्धा भाग तपासलाच गेला नाही. विकृती घड्याळातल्या चारच्या जागी असेल आणि तुम्ही बारापासून तीनपर्यंत फिरवलं असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येणार, आणि तो लॅबच्या बाजूने बरोबरच असणार. मिळत असेल तर प्लास्टिकचा स्पॅच्युला घ्या. लाकूड पेशी धरून ठेवतं.

नळीतल्या पेशींसाठी सायटोब्रश. तो स्पॅच्युलानंतरच वापरा, कारण त्याने रक्त येतं. खालच्या बाजूचे थोडे केस बाहेर दिसत राहतील इतकाच आत घाला आणि पाव ते अर्धा फेरा द्या. जास्त फेऱ्यांनी पेशी वाढत नाहीत, रक्त वाढतं. गरोदर बाईत हा ब्रश वापरू नका.

एलबीसीसाठी ब्रूम, झाडूसारखा दिसणारा. मधले लांब केस नळीत, बाजूचे तोंडावर टेकलेले. एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे पाच फेरे. त्याच्या केसांच्या कडा एका बाजूने तासलेल्या असतात, उलटसुलट फिरवलंत तर पेशी निघत नाहीत. पाळी गेलेल्या बाईत मधले केस नळीत शिरत नसतील तर ब्रूमच्या जोडीला सायटोब्रश घ्या.

त्याच बसणीत व्हीआयए (अॅसिटिक अॅसिड लावून तोंड नुसत्या डोळ्यांनी पाहणं) करायचं असेल तर क्रम चुकवू नका. आधी पॅप किंवा एचपीव्हीचा नमुना, मग व्हिनेगरसारखं ते ३ ते ५ टक्क्यांचं अॅसिटिक अॅसिड, आणि लुगॉल आयोडिन वापरणार असाल तर सगळ्यात शेवटी. अॅसिड आधी लावलं तर पेशी बिघडतात.

काचेवर: इथे सेकंद मोजा

साध्या स्मिअरचं सगळ्यात मोठं नुकसान टेबलापासून अल्कोहोलच्या जारपर्यंतच्या अंतरात होतं. बाहेर पडलेली पेशी काही सेकंदांत वाळायला लागते. वाळली की केंद्रक फुगतं, फिकट पडतं, त्याची कड पुसट होते, आतली दाणेदार रचना दिसेनाशी होते. आमचं सगळं निदान केंद्रकावर अवलंबून. फुगलेलं निरोगी केंद्रक विकृत वाटू शकतं, आणि विकृत केंद्रक इतकं धुसर होतं की निसटून जातं. म्हणजे एकाच दोषाने चूक दोन्ही बाजूंना.

तयारी बाई टेबलावर येण्याआधी करा. काचेच्या खरबरीत टोकावर नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख पेन्सिलीने लिहा. बॉलपेन नको, मार्करही नको. शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि जारमधून चार अनामिक काचा बाहेर येतात. एका गावात एकाच नावाच्या तीन सुनीता असतात, म्हणून क्रमांक हवाच. ९५ टक्के इथाइल अल्कोहोलचा कॉप्लिन जार उघडून हाताशी ठेवा. कपाटात नव्हे, शेजारच्या खोलीतही नव्हे.

स्पॅच्युला काचेवर एकाच लांब हाताने, सलग ओढा. गोल गोल चोळू नका. ब्रश असेल तर तो घासू नका, काचेवर लाटण्यासारखा फिरवा. थर पातळ आणि एकसारखा हवा. जाड गोळ्याच्या मधल्या पेशी एकमेकींवर बसलेल्या असतात, प्रकाश आरपार जात नाही. आणि लगेच जारमध्ये. पंखा बंद ठेवा, निदान त्या मिनिटापुरता. स्पॅच्युला आणि ब्रश दोन्ही वापरत असाल तर दोन वेगळ्या काचा घेणं नवख्यासाठी सोपं, कारण पहिला नमुना दुसऱ्याची वाट पाहत वाळत बसत नाही. तुमची लॅब एकाच काचेवर दोन्ही मागत असेल तर तसं करा, पण हात चपळ हवा.

काचा किमान अर्धा तास अल्कोहोलमध्ये राहू द्या. एका जारमध्ये बऱ्याच काचा ठेवायच्या असतील तर एक सोडून एका काचेला कागदाची टाचणी, म्हणजे जेम्स क्लिप लावा, चिकटत नाहीत. अल्कोहोल गाळून किंवा बदलून वापरा. एका बाईच्या सुटलेल्या पेशी दुसरीच्या काचेवर बसल्या तर त्यातून होणारा घोळ निस्तरताना आमच्या नाकी नऊ येतात. स्प्रे फिक्सेटिव्ह असेल तर साधारण वीतभर किंवा थोडं जास्त अंतर ठेवून मारा. फार जवळून मारलं तर पेशी एका बाजूला ढकलल्या जातात.

एलबीसीत वाळण्याची भीती जवळजवळ नाही, आणि साध्या स्मिअरमध्ये स्पॅच्युलावरच राहून जाणाऱ्या पेशीही यात व्हायलमध्ये उतरतात. पण इथे दुसरी गल्लत होते. थिनप्रेप या ब्रँडच्या व्हायलमध्ये ब्रूम तळाला दाबून दहा वेळा खालीवर करायचा, शेवटी जोरात ढवळायचा आणि ब्रूम टाकून द्यायचा. शुअरपाथ या दुसऱ्या ब्रँडमध्ये ब्रूमचं डोकं काढून व्हायलमध्येच सोडायचं. एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की नमुना गेलाच समजा. कोणती व्हायल आहे ते हातात घेऊन वाचा, गेल्या महिन्यात कोणती होती यावर जाऊ नका. मुदत संपलेली आहे का तेही बघा.

थिनप्रेपची व्हायल १५ ते ३० अंश तापमानात सहा आठवडे चालते. मे महिन्यात लातूर-परभणीकडे बंद गाडीच्या डिकीत ३० अंश कधीच ओलांडलेले असतात. व्हायली सावलीत ठेवा आणि आठवड्याचा गठ्ठा साठवत बसू नका.

एचपीव्ही चाचणी: सोपी, पण बिनचूक नव्हे

२०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की जमेल तिथे एचपीव्ही डीएनए चाचणी हीच पहिली तपासणी असावी: सर्वसाधारण बायकांत वयाच्या ३० पासून, दर ५ ते १० वर्षांनी, एचआयव्ही असलेल्या बायकांत २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. आपल्या सरकारी कार्यक्रमात अजून व्हीआयएवर भर असला तरी येत्या काळात तुमच्या हातात एचपीव्हीच्या नळ्या येत जाणार.

या चाचणीत पेशीचं रूप पाहायचं नसतं, विषाणूचा जनुकीय अंश शोधायचा असतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मेशन झोनवर अचूक निशाणा लागला नाही तरी बऱ्याच अंशी भागतं, आणि म्हणूनच बाई स्वतः योनीतून नमुना घेऊ शकते. पीसीआरवर चालणाऱ्या चाचण्यांमध्ये असा स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्याइतकाच कामाचा ठरला आहे. जुन्या, सिग्नल वाढवून पाहणाऱ्या चाचण्यांत मात्र तो थोडा उणा पडतो. स्वतः घेतलेल्या नमुन्यावर पॅप होत नाही, हे बायकांना आधीच सांगा. पॉझिटिव्ह आल्यास पुढची तपासणी करायला यावं लागेल, हेही.

शिकवताना मोजकं सांगा: हात धुवा, पाळी चालू असेल तर आज नको, ब्रश साधारण एक बोट आत, अडल्यासारखं वाटलं की थांबा, किटवर लिहिलंय तितके फेरे, काढून थेट किटमधल्या नळीत, झाकण घट्ट. मधेच ब्रश टेबलावर ठेवायचा नाही. त्या बाईने तुमच्यासमोर कापडी बाहुलीवर किंवा नुसत्या मुठीत एकदा करून दाखवलं तर पुढचे घोळ वाचतात.

बऱ्याच पीसीआर चाचण्यांमध्ये माणसाच्या एखाद्या जनुकाचाही शोध घेतात. तो सापडला नाही तर मशीन 'इनव्हॅलिड' सांगतं, म्हणजे नळीत पेशीच पुरेशा नव्हत्या किंवा रक्तासारख्या कशाने तरी चाचणी रोखली. पण सगळ्या चाचण्यांत ही सोय नसते. जिथे नाही तिथे रिकामी नळीही बिनदिक्कत 'निगेटिव्ह' येते. आपल्याकडची चाचणी कोणत्या जातीची आहे हे लॅबला फोन करून विचारून ठेवा.

रिपोर्टची वरची ओळ

आम्ही बेथेस्डा पद्धत, म्हणजे असे रिपोर्ट लिहिण्याची ठरलेली चौकट, वापरतो. एलबीसीच्या काचेवर साधारण ५,००० चपट्या पेशी हव्यात, साध्या स्मिअरवर ८,००० ते १२,०००. तीन चतुर्थांशांहून जास्त पेशी रक्त, पू किंवा वाळण्यामुळे झाकल्या गेल्या असतील तर नमुना 'अनसॅटिस्फॅक्टरी', म्हणजे अपुरा. मात्र त्या गदारोळातही एखादी विकृत पेशी दिसली, तर नमुना कितीही वाईट असो, त्याला अपुरा म्हणता येत नाही. ती पेशी रिपोर्टमध्ये येणारच.

ट्रान्सफॉर्मेशन झोनची खूण म्हणजे नळीतल्या किंवा चपट्या होत चाललेल्या पेशी, किमान १०. त्या नसल्या तर रिपोर्टमध्ये तसं लिहून येतं, पण नमुना बाद होत नाही. तिशीपुढच्या बाईत अशा वेळी एचपीव्ही चाचणी करून घेणं उत्तम. पाळी गेलेल्या बायकांत हे वारंवार दिसणारच, त्यात तुमचा दोष असेलच असं नाही. पण तिशीतल्या बायकांच्या काचांवर सतत हीच टीप येत असेल तर तुमचा हात नळीपर्यंत पोचत नाही.

'अनसॅटिस्फॅक्टरी' म्हणजे निगेटिव्ह नव्हे, पॉझिटिव्हही नव्हे. तपासणी झालेलीच नाही. साधारण दोन ते चार महिन्यांत पुन्हा नमुना घ्यायचा. त्याआधी कारण दूर करा: संसर्ग असेल तर औषध, पाळी गेल्यामुळे अस्तर फार विरळ झालं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे इस्ट्रोजेन क्रीम. सोबतची एचपीव्ही चाचणी १६ किंवा १८ प्रकाराला पॉझिटिव्ह असेल तर पुन्हा पॅप करत बसू नका, सरळ कॉल्पोस्कोपीला, म्हणजे भिंगातून तोंड बारकाईने पाहण्याच्या तपासणीला पाठवा.

एक वही घाला. अपुरा ठरलेला प्रत्येक नमुना, कारण, नमुना कुणी घेतला, कोणत्या दिवशी. महिन्याच्या शेवटी पान उलटून पाहिलं की 'वाळला' हा शब्द एकाच नावापुढे पुन्हा पुन्हा दिसतो, किंवा 'रक्त' हा शब्द फक्त शिबिराच्या तारखांना. त्यावर कुणाला ओरडायची गरज नसते. लॅबमध्ये येऊन आपल्याच काचा एकदा मायक्रोस्कोपखाली बघायला मागा. मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही.

आणि नमुना घेतानाच पुन्हा बोलावण्याची सोय करून ठेवा. दिवाळी झाली की ऊसतोडीची माणसं कारखान्यांवर जातात ती चैत्रापर्यंत परतत नाहीत. नोव्हेंबरमध्ये आलेला 'अनसॅटिस्फॅक्टरी' रिपोर्ट कुलूप लावलेल्या घराच्या पत्त्यावर जातो. तिचा स्वतःचा नंबर घ्या, नसेल तर ती सांगेल त्या बहिणीचा किंवा लेकीचा, आणि कुणाला सांगितलेलं चालेल हे तिलाच विचारून फॉर्मवर लिहा. मुकादमाच्या फोनवर निरोप ठेवू नका.